फीड, वर्गणी आणि खुले समाजमाध्यम



आजच्या विषयात आर्. एस्. एस्. ही तीन अक्षरे पुनःपुन्हा येणार आहेत. महाराष्ट्रात ही अक्षरे उच्चारली की सभेत काही चेहरे खुलतात आणि काही आक्रसतात. म्हणून आरंभीच सांगून टाकतो, की मी ज्या आर्. एस्. एस्.विषयी बोलणार आहे त्याला शाखा नाही, गणवेश नाही आणि विरोधकही नाहीत. संगणकाच्या दुनियेतील एका अगदी साध्या कागदाचे ते नाव आहे. त्या कागदाच्या पायावर माणसामाणसांतील संभाषणाचे एक खुले जाळे उभारता येईल काय, आणि येत असेल तर ते अजून का उभे राहिले नाही, हा माझा आजचा प्रश्न आहे.

प्रथम हा कागद म्हणजे काय ते पाहू. समजा, तुम्ही आठवड्यातून एकदा काही लिहिता आणि ते स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवता. तुमचे लेखन आवडीने वाचणारी शंभर माणसे गावोगाव आहेत. त्यांनी रोज तुमच्या दाराशी येऊन ‘आज काही नवे आहे का?’ म्हणून विचारावे, हे त्यांना जाचाचे आहे. म्हणून तुम्ही दाराबाहेर एक फळा टांगता. अलीकडच्या दहावीस लेखांची नोंद त्या फळ्यावर असते. मथळा, तारीख, लेखाचा पत्ता, सारांश किंवा सबंध मजकूर, आणि प्रत्येक लेखाची अशी एक कायमची खूण, की जी पुन्हा दुसऱ्या कोणत्याही लेखाला द्यायची नाही. ह्या फळ्याला फीड म्हणतात. तो ठरलेल्या नमुन्यात लिहिलेला असतो, त्यामुळे माणसाप्रमाणे यंत्रालाही तो वाचता येतो.

वाचणाऱ्याच्या बाजूला एक वाचक-प्रोग्रॅम असतो. त्याच्यापाशी तुम्ही आपल्या आवडीच्या पत्त्यांची यादी द्यायची. मग तो विश्वासू गड्याप्रमाणे तासा-दोन तासांनी साऱ्या फळ्यांवरून फेरी मारून येतो आणि जे नवे असेल तेवढेच तुमच्यापुढे मांडतो. पूर्वी पाहिलेला लेख त्या कायमच्या खुणेवरून त्याला ओळखता येतो. फळ्यावर काहीच बदल नसेल तर पलीकडचे यंत्र ‘३०४’ एवढा आकडा परत पाठविते. ‘मागच्या खेपेपासून नवे काही नाही’ असा त्याचा अर्थ, आणि मजकूर पुन्हा वाहून नेण्याचा खर्च वाचतो. सारी यंत्रणा ती एवढीच.

मासिकाची वर्गणी भरण्याची सवय असलेल्या आपणां मंडळींना ह्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. फरक आहे तो एका ठिकाणी, आणि तो मोठा आहे. मासिकाच्या वर्गणीदारांची यादी मासिकाच्या कचेरीत असते. फीडच्या बाबतीत ती वाचकाच्या खिशात असते. मी कोणाचे काय वाचतो हे लिहिणाऱ्याला कळण्याचे कारण नाही, आणि उद्या मला त्याचा कंटाळा आला तर कोणाला पत्र न लिहिता मी यादीतून त्याचे नाव खोडू शकतो. आम्हां दोघांच्या मध्ये तिसरा कोणी बसलेला नाही.

‘फीड’ ह्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ चारा घालणे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोटाने वर सारावे तसतसे जे कधीच संपत नाही, त्यालाही आज फीडच म्हणतात. आणि तेथे तो शब्द अधिक शोभतो. गव्हाणीत काय पडावे हे कोणी गाईला विचारीत नाही. माझ्या विषयातला फीड तो नव्हे. तो वाचकाने स्वतः निवडलेला असतो आणि तारखेच्या क्रमाने येतो. संपला की संपतो, आणि मग माणूस दुसऱ्या कामाला लागतो.

ह्या कागदाचा जन्म १९९९ च्या मार्चमधला. अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत डॅन लिबी आणि रामनाथन् गुहा ह्या दोघांनी पहिला नमुना तयार केला. पैकी गुहा हे मद्रासच्या आय्. आय्. टी.चे पदवीधर. नेटस्केपने लवकरच त्यातून अंग काढून घेतले, आणि मग डेव्ह वायनर नावाच्या हट्टी आणि कष्टाळू प्रोग्रॅमकाराने ते मूल आपले म्हणून वाढविले. परंतु वारसाहक्काचा वाद निघालाच. २००० च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका मंडळाने आर्. एस्. एस्. १.० म्हणून निराळाच नमुना पुढे आणला. ह्या मंडळात ॲरन स्वार्ट्झ नावाचा अवघ्या चौदा वर्षांचा मुलगा बरोबरीच्या नात्याने काम करीत होता. २००२ साली वायनर ह्यांनी आर्. एस्. एस्. २.० काढले. ह्या दोहोंना कंटाळलेल्यांनी ॲटम नावाचा तिसरा नमुना रचला आणि २००५ साली तो प्रमाण म्हणून मान्य झाला. आर्. एस्. एस्. ह्या अक्षरांची फोड काय, ह्यावरही एकमत नाही. निदान तीन फोडी प्रचारात आहेत. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाची भांडणे पाहत वाढलेल्या माणसाला हे सारे घरच्यासारखे वाटावे! परंतु गंमत अशी, की भांडणाने व्यवहारात फारसे बिघडले नाही. वाचक-प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी तिन्ही नमुने वाचायला शिकून घेतले आणि पंडितांना भांडत ठेवले.

ह्या साध्या कागदात किती बळ आहे त्याचा पुरावा आपल्यापैकी अनेकांच्या कानात रोज वाजत असतो. २००० च्या अखेरीस वायनर ह्यांनी नोंदीत एक सोय केली. पत्राला जसे सहपत्र जोडावे, तसे लेखाला ध्वनिमुद्रण जोडता यावे. त्याचा पत्ता, आकारमान आणि प्रकार एवढे नोंदवायचे. त्यातून पॉडकास्ट जन्मास आले. २००५ साली ॲपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये त्यांची सूची ठेवली. परंतु ध्वनिमुद्रण ज्याचे त्याच्याच ठिकाणी राहिले. म्हणून आजही पॉडकास्ट कोणत्याही प्रोग्रॅमवर ऐकता येते. स्पॉटिफाय कंपनीने २०२० साली अमेरिकेतील जो रोगन ह्यांचा अत्यंत लोकप्रिय कार्यक्रम भरपूर पैसा ओतून आपल्यापुरता बांधून घेतला होता. २०२४ साली नवा करार झाला तेव्हा तोच कार्यक्रम पुन्हा इतरत्र मिळू लागला. अशी पैसेवाली कुंपणे पॉडकास्टला अजून पुरती पेलली नाहीत, ह्याचे मुख्य कारण खाली अंथरलेला फीड हे आहे.

आता मी तुम्हांला दोन मृत्यूंची हकीकत सांगणार आहे. दोन्ही एकाच घरातले आणि सव्वा वर्षाच्या अंतराने झालेले.

गूगल कंपनीने २००५ साली ‘गूगल रीडर’ नावाचा वाचक-प्रोग्रॅम काढला. तो फुकट होता आणि उत्तम होता, त्यामुळे बाकीचे बहुतेक प्रोग्रॅम मागे पडले. १३ मार्च २०१३ रोजी कंपनीने जाहीर केले, की वापर घटल्याकारणाने हा बंद करीत आहोत, आणि १ जुलैला तो बंद झाला. हळहळ पुष्कळ झाली. परंतु प्रत्यक्षात काय झाले? वाचकांनी आपल्या वर्गण्यांची यादी एका छोट्या फाइलमध्ये उतरवून घेतली. तिचाही नमुना वायनर ह्यांनीच पूर्वी करून ठेवला होता, ओ. पी. एम्. एल्. म्हणून. ती फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमला दिली की बिऱ्हाड हलले. फीडली नावाच्या एका प्रोग्रॅमकडे पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत पाच लाखांवर लोक गेल्याचे त्याच्या चालकांनी सांगितले. आणि ज्यांचे लेखन हे लोक वाचीत होते त्या लेखकांना तर काहीच करावे लागले नाही. त्यांचे फळे होते तेथेच होते.

त्याच कंपनीचे ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ब्राझीलप्रमाणे आपल्या देशातही त्याचे चाहते अगणित होते. आज चाळिशीत आलेल्या मंडळींच्या कॉलेजातल्या मैत्र्या, चेष्टामस्करी, शाळेच्या तुकडीचे पुन्हा जमलेले घोळके, सारे तेथे होते. कंपनीने मजकूर आणि छायाचित्रे उतरवून घेण्याची मुदत दिली. त्या दृष्टीने ती सभ्यपणेच वागली. परंतु उतरवून घेतलेल्या त्या गाठोड्याचे करायचे काय? मित्रांची यादी दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या दाराशी नेली तरी ती तेथे निरुपयोगी. कागद घरी आले आणि नाती तेवढी मोडली.

पहिल्या घटनेत दुकान मोडले. दुसऱ्या घटनेत गावच उठले.

पहिल्या मृत्यूला एक बारीकशी पुरवणी आहे आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. गूगल रीडरमध्ये वाचकांना एकमेकांना लेख सुचविण्याची, त्यावर टिप्पणी करण्याची सोय होती. त्यातून छोटी छोटी मित्रमंडळे जमली होती. २०११ च्या अखेरीस कंपनीने ती सोय काढून घेतली, कारण तिला लोकांना आपल्या ‘गूगल प्लस’ ह्या नव्या पेठेत न्यायचे होते. ती पेठही २०१९ च्या एप्रिलमध्ये उठली. वाचनाची यादी खुल्या नमुन्यात होती म्हणून ती तगली. संभाषण मात्र त्या एका प्रोग्रॅमच्या पोटात होते, आणि ते त्याच्याबरोबर गेले. तेव्हा खुले समाजमाध्यम उभारायचे तर नुसता लेख फीडमध्ये असून भागत नाही. उत्तर, प्रत्युत्तर आणि शिफारस हीही खुल्या नमुन्यातच असली पाहिजेत.

ह्यात अशक्य असे काय आहे? २० जानेवारी २०११ पासून साऱ्या देशात आपण भ्रमणध्वनीचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलू शकतो. २०१६ पासून यू. पी. आय्.ने ह्या बँकेतले पैसे त्या बँकेत क्षणात जातात. भाजीवाली ‘तुमची बँक कोणती?’ म्हणून विचारीत नाही. मग ह्या कंपनीच्या माध्यमावरचा माणूस त्या कंपनीच्या माध्यमावरच्या माणसाशी बोलू शकत नाही, ही काय निसर्गाची योजना आहे? यू. पी. आय्.च्या मध्यभागी एक संस्था बसलेली आहे, तशी फीडच्या मध्यभागी कोणी नाही, हा भेद मी विसरत नाही. तो फायद्याचाही आहे आणि तोट्याचाही. तोट्याचा अशासाठी, की तक्रार करायला कचेरी नाही. आपला मजकूर घेऊन दुसरीकडे जाण्याचा हक्क कायद्यानेच मिळावा, असे कलम आपल्या देशातील २०१९ च्या विधेयकात होते. २०२३ साली जो कायदा प्रत्यक्षात संमत झाला, त्यात ते राहिले नाही.

असो. उत्तराची सोय कशी करायची? कल्पना अशी, की तुमच्या लेखाला मी जे उत्तर देईन ते तुमच्या घरी न लिहिता माझ्याच फळ्यावर लिहायचे आणि त्याला तुमच्या लेखाची ती कायमची खूण जोडायची. २००६ साली ॲटमला ह्यासाठी एक अधिकृत पुरवणीही मिळाली. आम्हां दोघांचेही फळे जो वाचतो, त्याचा प्रोग्रॅम दोन्ही नोंदी एकत्र लावून संवाद दाखवू शकतो. अडचण इतकीच, की मी उत्तर दिले हे तुम्हांला कळणार कसे? फीड नदीसारखा एकाच दिशेने वाहतो. त्यावर एक उपाय निघाला, त्याचे नाव होते सॅमन. सॅमन मासा प्रवाहाविरुद्ध उगमाकडे पोहत जातो, तसे उत्तर उलट दिशेने लेखकाकडे जावे म्हणून हे नाव. (आपल्याकडच्या रावसाला हॉटेलांतून इंडियन सॅमन म्हणतात, पण तो हा नव्हे.) पुढे २०१७ साली त्याहून सुटसुटीत असे वेबमेन्शन प्रमाण म्हणून मान्य झाले. माझे यंत्र तुमच्या यंत्राला एवढेच कळविते, की अमुक पत्त्यावर तुमच्या लेखाचा उल्लेख आहे. तुमचे यंत्र तेथे जाऊन खात्री करून घेते आणि मग ते उत्तर लेखाखाली लावायचे की नाही हे तुम्ही ठरवायचे. दुसरी अडचण वेगाची. तासाने फेरी मारणाऱ्या गड्याच्या भरवशावर गप्पा रंगत नाहीत. त्यासाठी २००९ साली मध्यस्थ टपालघराची युक्ती निघाली. लेखकाने नवे लिहिले की टपालघराला सांगायचे आणि टपालघराने वर्गणीदारांना तत्काळ हाक मारायची. २०१८ साली वेबसब ह्या नावाने तीही प्रमाण झाली.

हे सारे कागदावरच राहिले असे नाही. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे इव्हान प्रोड्रोमू ह्यांनी २००८ साली ‘आयडेंटिका’ नावाचे माध्यम काढले. त्यातूनच ॲटम, टपालघर आणि सॅमन ह्यांची मोट बांधून २०१० साली ‘ओस्टेटस’ नावाची पद्धत तयार झाली. जर्मनीतील ऑयगेन रोश्को ह्यांनी २०१६ साली मॅस्टोडॉन सुरू केले ते ह्याच पायावर. म्हणजे ‘फीडवर समाजमाध्यम उभारता येईल काय?’ ह्या प्रश्नाचे उत्तर ‘उभारले गेले होते’ असे आहे. पुढे मॅस्टोडॉनने ॲक्टिव्हिटीपब ही नवी पद्धत स्वीकारली आणि २०१९ साली जुनी सोडून दिली.

हा बदल योग्य होता काय? नव्या पद्धतीत फळा नाही. प्रत्येकाच्या दाराला टपालपेटी आहे आणि लेखकाच्या सर्व्हरने प्रत्येक अनुयायाच्या सर्व्हरपर्यंत नोंद पोचती करायची. संभाषण ह्यात नीट चालते, आणि ठरावीक माणसांपुरताच मजकूर पाठविणेही जमते, जे उघड्या फळ्यावर जमणे कठीण. परंतु अनुयायांची यादी पुन्हा लेखकाच्या सर्व्हरवर गेली. सर्व्हर चालविणारा गृहस्थ एके दिवशी कंटाळला आणि त्याने न सांगता दिवा मालवला, तर ती यादीही अंधारात जाते. वेळीच सूचना मिळाली तर अनुयायी नव्या ठिकाणी नेता येतात, पण जुने लेखन बरोबर येत नाही. माझे स्वतःचे मत असे, की गप्पांसाठी नवी पद्धत बरी. पण जे लिहून ठेवण्यासारखे आहे त्याचा पाया फीडच असावा. कारण फीडला कोणाशी करार लागत नाही. उत्तराची सोय नसली, टपालघर नसले, तरी नुसता फळाही उपयोगी पडतो. मॅस्टोडॉनवरच्या कोणाच्याही पत्त्यापुढे टिंब देऊन आर्. एस्. एस्. ही अक्षरे जोडली की आजही त्याचा फळा वाचता येतो, हे तरुण श्रोत्यांनी घरी जाऊन करून पाहावे.

मग हे सर्वत्र का पसरले नाही? कंपन्यांचा दोष आहेच. जाहिरात दाखवायची तर वाचक आपल्या मांडवात हवा. फीड त्याला घरी बसून वाचू देतो. ट्विटरने २०१३ च्या जूनमध्ये आपले फीड बंद केले, आणि २०२३ च्या जानेवारीत बाहेरच्यांनी लिहिलेले प्रोग्रॅमही एका रात्रीत तोडले. परंतु सारे खापर कंपन्यांवर फोडणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. खुल्या जाळ्यात ओळखीची माणसे शोधणे अवघड जाते. फुकट मिळणाऱ्या मांडवात पंगत तयार असते. येथे आधी चूल मांडावी लागते. शिवाय शिवीगाळीचा प्रश्न आहे. नुसत्या फीडमध्ये तो नाही, कारण ज्याचे नाव माझ्या यादीत नाही त्याचा आवाज माझ्यापर्यंत येतच नाही. पण उत्तरांची खिडकी उघडली की धुरळा आत येणारच, आणि तो झाडण्याचे काम पगारी नोकरांऐवजी तुम्हांला स्वतःला करावे लागते. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. फळ्यावरचे पुसले तरी ज्यांनी आधीच उतरवून नेले त्यांच्याकडे ते राहते. घरगुती गोष्टी, मुलाबाळांची छायाचित्रे, दुखणीखुपणी ह्यांची जागा हा फळा नव्हे.

परंतु आपल्या गावचे वाचनालय घ्या, नाट्यमंडळ घ्या, शाळा घ्या. त्यांच्या सूचना, नव्या पुस्तकांच्या याद्या, व्याख्यानांचे वृत्तान्त ह्यांत लपविण्यासारखे काय आहे? आज त्या कोणा परक्या कंपनीच्या पानावर किंवा भ्रमणध्वनीच्या गटात पडतात. तेथे चार दिवसांनी त्या सापडत नाहीत, आणि खाते बंद झाले तर दहा वर्षांचे दप्तर एका दिवसात नाहीसे होते. त्याऐवजी संस्थेने आपले संकेतस्थळ करावे, सूचना आधी तेथे लावावी, आणि मग हवी तर चार ठिकाणी तिची नक्कल पाठवावी. नेहमीच्या वापरातले वर्डप्रेस घेतले तर फीड आपोआप तयार होतो. मराठी नाव हवे असेल तर २०१४ च्या ऑगस्टपासून ‘.भारत’ असा देवनागरी पत्ताही घेता येतो. नाव एकदा आपले झाले, की मागचे यंत्र वाटेल तेव्हा बदलावे. वाचकाच्या यादीतला पत्ता तोच राहतो.

मात्र त्या नावाची नोंदणी ठरावीक मुदतीची असते, आणि मुदत टळून गेली तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. नोंदणीची रक्कम फार नसते. विसर पडतो तो तारखेचा. चिटणीस बदलतात, आणि ज्याच्या नावावर हौसेने नोंदणी केलेली असते तो चिटणिसांचा पुतण्या नोकरीनिमित्त बंगलोरला जातो. तेव्हा नोंदणी संस्थेच्या नावावर करावी, पावती दप्तरात लावावी, आणि नूतनीकरणाची तारीख ग्रंथपालांच्या खुर्चीमागच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी.